तीन लहान मुलं, घरचं शिक्षण आणि रोजचा दिवस

प्रश्न थोडक्यात असा: थोरला साडेसहा वर्षांचा, मधली चार वर्षांची आणि धाकटा दहा महिन्यांचा. थोरल्याला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवून काही महिने झाले. सकाळी नऊ ते बारा असं वेळापत्रक भिंतीवर लावलंय, पण ते एकही दिवस धड पाळता आलेलं नाही. लिहायला बसवलं की थोरला रडतो, मधली नेमकी तेव्हाच मध्ये येते, बाळ मांडीवर असतं. घर पसरलेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर ओरडून होतं आणि रात्री अपराधी वाटतं. बाकीच्या आया हे रोज कसं जमवतात? मधलीला आत्तापासून सुरू करावं का? आणि अभ्यासक्रम कोणता घ्यावा?

उत्तर:

आधी ते भिंतीवरचं वेळापत्रक काढून ठेवा. तुम्ही आळशी आहात म्हणून ते कोसळत नाहीये. दहा महिन्यांचं बाळ असलेल्या घरात नऊ ते बारा हे गणितच बसत नाही.

तीन तास हा आकडा शाळेकडून उसना आलाय. शाळेच्या दिवसात हजेरी असते, रांगा असतात, वह्या वाटणं आणि गोळा करणं असतं, वर्गातल्या शेवटच्या मुलाचं लिहून होईपर्यंत बाकीच्यांनी थांबणं असतं. शाळेला ते करावंच लागतं. घरी मात्र एका मुलासमोर एक मोठं माणूस नीट लक्ष देऊन बसलं की साडेसहा वर्षांच्या मुलाचं वाचन, लेखन आणि गणित मिळून पाऊण तासात होतं, फार तर तासाभरात. शार्लट मेसन (१८४२-१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी उभं आयुष्य काम केलं. लहान मुलांचे धडे त्या दहा ते वीस मिनिटांच्या पुढे जाऊ देत नसत, आणि सहा वर्षांच्या आत औपचारिक धडेच नकोत असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही, पण या दोन गोष्टी मी माझ्या मुलांवर आणि नंतर ज्यांना मदत केली त्या घरांमध्ये पुन्हा पुन्हा खऱ्या ठरताना बघितल्या आहेत.

तुम्हाला वाटतंय वेळ पुरत नाही. तुमचा प्रश्न वाचून मला वाटलं, वेळ ढीगभर आहे, मुलं दिवसभर घरातच आहेत. तुटवडा आहे तो तुमच्या लक्षाचा. थोरल्याला 'क' गिरवायला सांगताना एक डोळा बाळाकडे, एक कान गॅसकडे आणि मधलीला 'थांब गं जरा' असं चाललं असेल तर तिघांनाही आई अर्धीच मिळते, आणि तिघंही पूर्ण आई मिळवण्यासाठी आपापल्या परीने गोंधळ घालतात. म्हणून दिवस आखताना एकच प्रश्न विचारायचा: माझं लक्ष कधी, कोणाला, किती वेळ पूर्ण मिळणार आहे? बाकी सगळं त्याभोवती बसतं.

यासाठी घड्याळापेक्षा क्रम कामाला येतो. तुमच्या दिवसात काही गोष्टी काहीही झालं तरी होतातच: उठणं, नाश्ता, बाळाची सकाळची झोप, जेवण, अंघोळी, संध्याकाळ, रात्रीची निजानीज. धडे या खुंट्यांना अडकवायचे. 'साडेनऊला वाचन' असं ठरवलं आणि बाळ पावणेदहाला झोपलं की दिवस सुरू होतानाच आपण मागे पडलो असं वाटायला लागतं. 'बाळ झोपलं की वाचन' असं ठरवलं की ते साडेनऊला झोपो नाहीतर साडेदहाला, काही बिघडत नाही. मुलांनाही क्रम लवकर समजतो. चार वर्षांच्या मुलीला अकरा वाजले म्हणजे काय ते कळत नाही, पण 'नाश्ता, मग माझी पाळी, मग दादाची' हे दोन आठवड्यांत पाठ होतं.

आता तो क्रम.

नाश्त्यानंतर पहिली पाळी मधलीची. हे बहुतेकांना उलटं वाटतं, कारण 'अभ्यास' थोरल्याचा आहे. पण धडा मोडते ती मधली, म्हणून आधी तिचं पोट भरायचं. पंधरा मिनिटं, जमिनीवर बसून, ती म्हणेल तो खेळ, फोन दुसऱ्या खोलीत. तुम्ही काही शिकवायचं नाही. ती डॉक्टर झाली तर तुम्ही पेशंट. पंधरा मिनिटं झाली की स्पष्ट सांगायचं, 'आता दादाची पाळी.' पहिले चार-पाच दिवस ती तरीही येईल. तिला शेजारी बसू द्या आणि हातात तिचं स्वतःचं काम द्या: कात्री आणि जुने कागद, मातीचा गोळा, खडू. मोठ्याच्या वहीसारखीच वही तिला हवी असेल तर द्या, तीत ती रेघोट्या मारेल. त्याला अभ्यास म्हणू नका आणि तपासूही नका.

बाळाची सकाळची झोप ही तुमच्या दिवसातली सगळ्यात मोलाची वेळ. दहा महिन्यांची मुलं साधारण दिवसातून दोनदा झोपतात, त्यातली सकाळची झोप थोरल्याच्या नावावर लिहून टाका. बाळ झोपलं की भांडी हाका मारतात, मला माहीत आहे. भांडी बाळ जागं असतानाही घासता येतात. नवं वाचन शिकवणं बाळ जागं असताना होत नाही.

बाळ जागं असेल तेव्हाच्या धड्यांसाठी एक टोपली करून ठेवा, जी फक्त तेव्हाच खाली येते: लाकडी चमचा, झाकणं, कापडाचे तुकडे, घट्ट बंद केलेला खुळखुळता डबा. दिवसभर समोर असलेल्या खेळण्यांकडे बाळ ढुंकूनही बघत नाही, ही टोपली मात्र पंधरा-वीस मिनिटं तारून नेते. आणि एक गोष्ट आजच करा. थोरल्याचे मणी, बटणं, नाणी, खोडरबराचे तुकडे, सगळं टेबलाच्या वर किंवा झाकणाच्या डब्यात. रांगणाऱ्या बाळाच्या घशात अडकण्याजोग्या वस्तू घरी शिकवणाऱ्या घरात नेहमीपेक्षा जास्त असतात, कारण मोजायला आपण त्याच वापरतो.

आता थोरल्याच्या धड्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण रडण्याचं मूळ तिथे आहे.

वाचनापासून सुरुवात करू. त्याला मुळाक्षरं ओळखता येतात असं धरते. कागदावर 'कमळ' लिहा. तो म्हणेल, 'क... म... ळ...' आणि तुमच्या तोंडाकडे बघेल. तीन सुटे आवाज त्याच्याजवळ आहेत, शब्द अजून झालेला नाही. इथे आपण पटकन 'अरे, कमळ!' म्हणून मोकळ्या होतो, आणि पुढच्या वेळी तो अक्षरांकडे न बघता थेट आपल्याकडेच बघतो. तसं न करता 'ळ' बोटाने झाका. फक्त 'कम' जोडायला लावा, दोन-तीनदा, भरभर. मग बोट काढा. 'कम...ळ.' कधी कधी अर्धं मिनिट जातं. त्या अर्ध्या मिनिटात काही न बोलणं फार कठीण असतं, विशेषतः बाळ उठायच्या बेतात असताना, पण शिकणं तिथेच घडतं.

आधी काना-मात्रा नसलेले शब्द: घर, नळ, बदक, गवत, मगर. ते अडखळल्याशिवाय यायला लागले की काना: कान, राजा, वारा, मामा. मग वेलांट्या, मग उकार, मात्रा, आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. बाराखडी तालासुरात म्हणता येणं आणि 'कि' समोर आल्यावर ओळखता येणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. घडाघडा बाराखडी म्हणणारी मुलं 'किती'वर अडकलेली मी कितीतरी बघितली. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं होऊ द्या, मग दुसरं. वेलांटी पहिली की दुसरी यावरून या वयात वाद घालायचा नाही. भरपूर वाचलेल्या मुलाच्या नजरेलाच पुढे चुकीचा शब्द खटकायला लागतो.

हे सगळं दहा मिनिटं, पण रोज. रविवारी दोन तास बसवून भरून काढू, हे चालत नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले पाठांतराचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका बैठकीत रेटण्यापेक्षा तीच मेहनत वेगवेगळ्या दिवसांवर वाटली तर कमी आवृत्त्यांत काम होतं, हे त्यात दिसलं, आणि नंतरच्या संशोधनाने ते पुन्हा पुन्हा पक्कं केलं.

आता लिहिणं. 'लिहायला बसवलं की रडतो' असं तुम्ही म्हणता, पण तुम्ही त्याला नक्की काय लिहायला सांगता हे त्यात आलेलं नाही. बहुतेक घरांत एकाच वेळी दोन कामं सांगितलेली असतात: काय लिहायचं ते सुचवायचं आणि अक्षर वळणदार काढायचं. साडेसहाव्या वर्षी ही दोन्ही ओझी एकदम पेलत नाहीत. ती वेगळी करा. सुचवण्याचं काम तोंडी: आज खिडकीतून काय दिसलं ते तो सांगेल, तुम्ही त्याच्या शब्दांत लिहून घ्याल, काही न सुधारता. वळणाचं काम वेगळं: त्यातलीच एक ओळ तो खाली बघून उतरवेल. एकच ओळ. ती चांगली आली म्हणून 'आता अजून एक' म्हणायचं नाही. मुलं याबाबतीत फार हुशार असतात. चांगलं केलं की काम वाढतं हे त्यांच्या एकदा लक्षात आलं की चांगलं करणं थांबतं.

त्याचे पाय कुठे असतात ते बघा. मोठ्यांच्या खुर्चीत बसून पाय लोंबकळत असतील तर मूल अर्धी ताकद तोल सांभाळण्यात घालवतं. पायाखाली खोकं ठेवा, कोपर टेबलाच्या पातळीला येऊ द्या. लांब पेन्सिलीऐवजी बोटभर लांबीचा तुकडा किंवा खडूचा तुकडा दिला तर तो मुठीत धरताच येत नाही, बोटांची पकड आपोआप सुधारते. भिंतीला फळा टांगून उभ्याने लिहू द्या, मनगट योग्य कोनात येतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करून पक्की होतात, शेवटचं एक्स-रेमध्ये दिसू लागायला मूल साधारण आठ ते बारा वर्षांचं व्हावं लागतं. म्हणून साडेसहाला लिहूच नये असं मी म्हणत नाही. पण तो हात अजून घडतोय, त्याच्याकडून पानंच्या पानं मागू नयेत. अक्षर उलटं, आरशातल्यासारखं निघालं तर या वयात घाबरू नका.

तरीही रडला तर? 'रडलं की धडा थांबतो हे शिकेल ना तो,' अशी भीती मला नेहमी ऐकवली जाते. रडू येण्याच्या आधी थांबायचं, हा उपाय. चुळबुळ, पेन्सिल पाडणं, पाणी मागणं, ही चिन्हं तुम्हाला आधीच दिसतात. तेव्हा त्याला नक्की जमणारं काहीतरी शेवटचं द्यायचं, आणि संपलं. ठरलेली एक ओळ इतकी छोटी असावी की ती कुठल्याही दिवशी पुरी होईल. ओळ पुरी होते, आणि धडा रडण्यावर संपत नाही.

गणितात एकच गोष्ट सांगते. तो एकवीस ऐकून १२ लिहीत असेल तर ओरडू नका. एकवीस म्हणताना आपण एक आधी उच्चारतो आणि दशक मागून, लिहिताना मात्र दशक आधी. जर्मन आणि डच मुलंही याच कारणाने अशाच उलट्या संख्या लिहितात. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा, रबर लावा. दोन गठ्ठे डावीकडे, सुटी काडी उजवीकडे, आणि त्याखाली तसाच आकडा. काही आठवडे गठ्ठे हातात राहू द्या, मग ते स्वतःच बाजूला पडतात.

मधलीला सुरू करू का? नाही. तिच्याबरोबर एक गंमत करून बघा. पाच वस्तू रांगेत ठेवा आणि मोजायला सांगा. मोजेल. लगेच विचारा, 'किती आहेत?' या वयाची बरीच मुलं उत्तर न देता पुन्हा 'एक, दोन...' सुरू करतात. मोजताना आलेला शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, ही समज बहुधा साडेतीन-चारच्या आसपास हळूहळू येते. ती 'पाच' म्हणाली तर पुढचं करा: त्याच पाचच्या समोर पाचची दुसरी रांग लावा, मग दुसरी रांग लांब पसरा आणि विचारा कुठे जास्त. ती छातीठोकपणे लांब रांग दाखवेल. ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या विचारांतल्या अशा गोष्टी बारकाईने नोंदवल्या. रांग पसरल्याने संख्या वाढत नाही हे पटायला मुलाला साधारण सहा-सात वर्षांचं व्हावं लागतं. जिला हे अजून वाढत्या वयाबरोबर यायचंय तिच्यापुढे बेरजेचे कागद ठेवून काय उपयोग? ओतणं, भरणं, लावणं, जोडणं, धावणं आणि गोष्टी ऐकणं हाच तिचा अभ्यास. तिनेच येऊन 'हे काय लिहिलंय' विचारलं तर जरूर सांगा, पण मागे लागू नका.

गोष्टींवरून आठवलं. दिवसात एकच गोष्ट करता येणार असेल तर मोठ्याने वाचून दाखवा. तिघं एकदम बसू शकतात असा हा एकमेव धडा. बाळ मांडीवर, मधली टेकून, थोरला पालथा पडून. वीस मिनिटं. पुस्तक थोरल्याच्या स्वतःच्या वाचनापेक्षा बरंच कठीण असलं तरी चालतं, कारण ऐकून समजण्याची पातळी स्वतः वाचून समजण्याच्या खूप पुढे असते. संपल्यावर प्रश्नोत्तरं नकोत. 'सांग बरं काय झालं' एवढंच म्हणा आणि तो सांगेल तसं ऐका. मेसनबाईंच्या पद्धतीत यालाच फार महत्त्व होतं. आठवणं, क्रम लावणं, वाक्यं जुळवणं हे सगळं त्यात येतं, आणि पुढे निबंध लिहायची वेळ आली की ही सवय कामाला येते.

घराच्या पसाऱ्याचं सरळ आहे: ज्या घरात पाच माणसं दिवसभर राहतात ते शाळेत मुलं जाणाऱ्या घराइतकं नीटनेटकं राहत नाही. ते आधीच मान्य केलं तर निम्मा त्रास जातो. दिवसातून दोनदा आवराआवर करा, जेवणाआधी आणि संध्याकाळ होताना, दहा-दहा मिनिटं, सगळ्यांनी मिळून. मधल्या वेळात पसारा बघायचा नाही. मुलांना रोज नवं काम सांगू नका, प्रत्येकाचं एक ठरलेलं असू द्या. चपला लावणं मधलीचं, झाडांना पाणी थोरल्याचं. काही महिने तेच. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं, तिथे शाळेत जायच्या वयाची न झालेली मुलं झाडणं, ओतणं, हात धुणं, जेवण वाढणं खऱ्या वस्तूंनी शिकत. साधनं त्यांच्या मापाची आणि घाई कोणाचीच नाही. घाईत असताना मुलाला काम शिकवायला घेऊ नका, दोघांचं डोकं फिरतं. पाहुणे यायच्या आधी तर अजिबात नको.

दुपारी जेवणानंतर शांत वेळ. मला विचाराल तर ही जागा कुठल्याही धड्यापेक्षा जास्त राखावी. प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात, बोलायचं नाही, पुस्तकं किंवा शांत खेळ, झोप आली तर झोप. आज सुरू केलं तर दहा मिनिटंच धरा आणि गजर मुलांना ऐकू येईल असा लावा, म्हणजे 'झालं का?' विचारायला कोणी येत नाही. दर काही दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. पाऊण तासापर्यंत जातं. या वेळेत तुम्ही कपडे घडी करायचे नाहीत. आडवं पडा, वाचा, छताकडे बघा. संध्याकाळचं ओरडणं बऱ्याचदा इथे, दुपारीच अडवता येतं.

मुलांची झोपही मोजून बघा. अमेरिकेतल्या झोपविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार चोवीस तासांत, डुलक्या धरून, ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास, ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. शाळेची घंटा नाही म्हणून रात्रीचं झोपणं लांबत जातं, असं घरी शिकणाऱ्या मुलांचं सर्रास होतं. मग सकाळी दहाला 'हट्टी' वाटणारं मूल प्रत्यक्षात पेंगुळलेलं असतं.

पडद्याबद्दल, म्हणजे टीव्ही-मोबाइलबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात जास्तीत जास्त एक तास, कमी तेवढं बरं. माझं मत, तो रोजच्या क्रमात घालू नका, पण तुम्हाला ताप असेल त्या दिवशी लावा आणि त्याबद्दल स्वतःला फटके मारू नका.

असे दिवस येतातच. कोणाला ताप, कोणाचा दात, रात्रभर जागरण. त्यासाठी एक 'किमान दिवस' आधीच ठरवून ठेवा: जेवण, अंघोळ, एक गोष्ट वाचून दाखवणं. एवढं झालं की दिवस पुरा झाला. महिन्यातून काही दिवस असे गेले तरी वर्ष वाया जात नाही.

घरात दुसरं मोठं माणूस असेल तर त्यांना 'मदत' मागू नका, एक भाग पूर्ण द्या. थोरल्याचं गणित बाबांचं, म्हणजे काय शिकवायचं, कधी, काड्या कुठे ठेवल्यात, सगळं बाबांचं. आठवण करून द्यायची जबाबदारी तुमच्याकडेच राहिली तर काम कमी झालेलं नसतं. ते त्यांच्या पद्धतीने शिकवतील, तुमच्या नाही. त्या वेळी दुसऱ्या खोलीत जा.

नोंदी ठेवा, पण हलक्या. एक वही, तारीख, प्रत्येक मुलाची एक ओळ: 'काना असलेले शब्द वाचले. वारा शब्दावर अडला.' तीन महिन्यांनी मागची पानं चाळली की प्रगती दिसते, जी रोज दिसत नाही. शिवाय काही ठिकाणी अशा नोंदी कायद्याने लागतात. घरी शिकवण्याचे नियम देशागणिक अगदी वेगळे आहेत. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरी शिकवायला जवळपास मुभाच नाही. अमेरिकेत सगळ्या राज्यांत परवानगी आहे, पण कळवायचं काय आणि तपासणी किती हे राज्याराज्यांत बदलतं. तुम्ही राहता तिथला नियम मूळ कागदावर स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

एक इशारा मात्र गंभीरपणे देते. शाळेतल्या शिक्षकासमोर त्याच वयाची पुष्कळ मुलं असतात, म्हणून एखादं वेगळं पडत असेल तर त्यांच्या लवकर लक्षात येतं. आपल्याकडे ती तुलना नसते, आणि आपण प्रेमापोटी सांभाळूनही घेतो. म्हणून डोळे आणि कान ठरवून तपासून घ्या. रोज शांतपणे शिकवूनही काही महिन्यांत आवाज जोडता येत नसतील, कालचं अक्षर रोज नव्याने अनोळखी वाटत असेल, बोलणं परक्यांना समजत नसेल, कुटुंबात कोणाला वाचनाची अडचण असेल, तर 'येईल हळूहळू' म्हणत वर्ष घालवू नका. तज्ज्ञाला दाखवा. वाचनातल्या अडचणींवर लवकर सुरू केलेली मदत जास्त लागू पडते.

आणि तुमच्याबद्दल. रोज सकाळी पोटात गोळा येत असेल, ओरडणं आठवड्यांमागून आठवडे थांबत नसेल, झोप मिळूनही रडू येत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. बाळ एक वर्षाचंही नाही, बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही डोकं वर काढू शकतं, आणि त्यावर नीट उपचार आहेत. शिक्षण घरी असावं की शाळेत हा नंतरचा प्रश्न. वर्षभर शाळेत घालून पुन्हा घरी आणलेली मुलं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांचं छान चाललंय.

नातेवाईक मुलालाच उभं करून 'बोल बघू पाढे' म्हणतात, त्याचा तुम्ही उल्लेख केला नाही, पण होत असणारच. मुलाच्या आधी तुम्ही बोला: 'सध्या आमचं गोष्टींचं पुस्तक जोरात चाललंय, तेच सांगेल तो तुम्हाला.' विषय मुलाला आवडणाऱ्या गोष्टीवर नेला की परीक्षा संपते आणि गप्पा सुरू होतात. सोबत्यांचं म्हणाल तर आठवड्यात एक ठरलेला दिवस, त्याच दोन-तीन कुटुंबांबरोबर, मोकळ्या जागेत. दर वेळी नवे चेहरे शोधण्यापेक्षा या वयात तेच ते मित्र पुन्हा पुन्हा भेटणं जास्त उपयोगी पडतं.

राहिला अभ्यासक्रम. आत्ता काही विकत घेऊ नका. पहिले दोन आठवडे फक्त तीन गोष्टी बसवा: सकाळची मधलीची पंधरा मिनिटं, बाळाच्या झोपेत थोरल्याचं वाचन, दुपारची शांत वेळ. लिहिणं दोन आठवडे पूर्ण बंद ठेवलं तरी चालेल, त्याचं रडण्याशी जडलेलं नातं जरा सैल होऊ द्या. मग एक ओळ, मग काड्यांचं गणित. असे दोन-तीन महिने गेले की तुमच्या वहीतूनच कळेल, थोरला कुठे पळतो आणि कुठे अडतो. तेव्हा पुस्तकं निवडायला बसा, आणि घेण्याआधी कोणाकडून तरी महिनाभर वापरायला मिळतात का बघा. संचातलं प्रत्येक पान करायलाच हवं असं वाटायला लागलं, तर पुन्हा ते भिंतीवरचं वेळापत्रकच नव्या पुठ्ठ्यात घरात आलंय असं समजा आणि अर्धी पानं बिनधास्त गाळा.